'दोन गट' आणि दूरचा वाचक

दंगल शमली की मराठी वृत्तपत्रांची एक ठरावीक भाषा सुरू होते : 'दोन गटांत दगडफेक', 'विशिष्ट समाजाचा जमाव', 'तणावपूर्ण शांतता'. समाजाचे नाव न छापण्याच्या या पथ्यामागे अनुभव आहे. मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने, माथाडी कामगारांच्या हत्या आणि राधाबाई चाळीतील जळीत यांची अतिरंजित वर्णने छापून भावना भडकवल्याचा ठपका 'सामना' व 'नवाकाळ' यांच्यावर ठेवला. त्यानंतर एखाद्या संपादकाने हात आखडता घेतला, तर त्याला भित्रा म्हणता येत नाही.

पण हे मौन कोणापासून काय लपवते? मी नांदुऱ्यात राहतो. घाटाखालच्या आमच्या तालुक्यांत बातमीत नुसते चौकाचे नाव आले, तरी 'गट' कोणते हे कोणाला विचारावे लागत नाही. म्हणजे ज्यांची डोकी भडकण्याची भीती, त्यांना सारे ठाऊकच असते. अंधारात राहतो तो पुण्या-मुंबईचा वाचक आणि पन्नास वर्षांनी जुने अंक चाळणारा अभ्यासक.

या मौनाची किंमत खैरलांजीत दिसली. भंडारा जिल्ह्यातील या गावी २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. कुटुंब बौद्ध होते. पण सुरुवातीच्या बातम्यांत जात बाजूला पडली आणि अनैतिक संबंधांची कुजबुज पुढे आली. राज्याला घटनेचा अर्थ कळला तो कार्यकर्त्यांच्या सत्यशोधनामुळे आणि नोव्हेंबरातील मोर्चांमुळे. दंगलीत संयम ठरणारे पथ्य एकतर्फी अत्याचारात अत्याचार करणाऱ्याची ढाल होते.

रवांडात १९९४ मध्ये एका रेडिओ केंद्राने वंशसंहाराला चिथावणी दिली. पुढे तिथल्या ओळखपत्रांवरून वांशिक नोंदच काढली गेली. त्यामुळे शेजारी शेजाऱ्याचा वंश विसरला असेल, असे मला वाटत नाही.

श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानेही समाजांची नावे घेतली, मृतांची समाजवार संख्या दिली. ती चिथावणी ठरत नाही, कारण तिच्यामागे साक्षीपुरावा आहे. १९९३ चा दोष नाव घेण्यात नव्हता. शहानिशा न करता फुगवण्यात होता. म्हणून पहिल्या रात्री नाव टाळावे, हे मला मान्य आहे. पण आठवड्याभराने, पुराव्यासह, ते छापलेच पाहिजे.