खेळाडू आहेत, हंगाम नाही

अमेरिकेच्या महिला बास्केटबॉलचा विषय निघाला की पदकांची मोजदाद सुरू होते. १९९६च्या अटलांटापासून २०२४च्या पॅरिसपर्यंत सलग आठ ऑलिंपिक सुवर्णपदके. त्यांतली सहा एकट्या डायना टौरासीची. पण हे यश कशातून आले, हे समजून घ्यायचे तर त्याआधीच्या लुसिया हॅरिसकडे पाहावे लागते.

मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यातली ही मुलगी. महिला बास्केटबॉल ऑलिंपिकमध्ये प्रथम आले १९७६ साली माँट्रियलला, आणि तिथला पहिला बास्केट तिने केला. १९७५ ते १९७७ या काळात तिच्या डेल्टा स्टेट संघाने सलग तीन राष्ट्रीय विजेतेपदे जिंकली. पुढे काय? महिलांसाठी टिकणारी व्यावसायिक लीग तेव्हा नव्हती. ऐन उमेदीत तिचा खेळ थांबला.

अमेरिकेने ही उणीव सावकाश भरून काढली. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेद करता येणार नाही, असा कायदा १९७२ साली झाला होता. त्याच्या बळावर कॉलेजांना मुलींसाठी शिष्यवृत्त्या, प्रशिक्षक आणि सामने द्यावे लागले. १९९७ साली डब्ल्यूएनबीए या महिलांच्या व्यावसायिक लीगचे सामने सुरू झाले आणि पहिली चारही विजेतेपदे सिंथिया कूपर, शेरिल स्वूप्स यांच्या ह्यूस्टन कॉमेट्सने पटकावली. आज एजा विल्सनच्या नावावर सर्वोत्तम खेळाडूचे चार किताब आहेत.

याच व्यवस्थेत घडलेली केटलिन क्लार्क आयोवाची, मक्याच्या शेतीसाठी ओळखल्या जाणाऱ्या राज्याची. तिथे शाळकरी मुलींची राज्यस्पर्धा १९२० पासून होते आणि लोक ती आवडीने पाहतात. कॉलेजच्या चार वर्षांत क्लार्क १३९ सामने खेळली. गुण केले ३,९५१. तीन गुणांच्या रेषेच्याही बऱ्याच मागून ती नेम धरते, त्यामुळे बचावपटूला पुढे यावे लागते आणि मागे मोकळ्या झालेल्या जागेत तिचा पास पोचतो. ही नजर केवळ सरावाने येत नाही. आज एका संघाने कोंडी केली, तर चार दिवसांनी दुसऱ्या संघासमोर तीच कोंडी फोडून पाहता आली पाहिजे. तेवढे सामने मिळाले, तरच ती तयार होते.

आपल्याकडे गुणवत्ता नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. पुण्याच्या शिरीन लिमयेने भारताचे कर्णधारपद भूषवले आहे. २०१७ साली बंगळुरूत आशिया कपच्या ब गटाच्या अंतिम सामन्यात भारताने कझाकस्तानला ७५-७३ असे हरवले, त्या संघात ती होती. केरळच्या गीतू ॲना जोसने तर २०११ मध्येच डब्ल्यूएनबीएच्या संघांसमोर चाचणी दिली होती. तरीही मुळे धरलेली महिला लीग देशात उभी राहिली नाही. गुणी मुलगी रेल्वेत नोकरी मिळवते, राष्ट्रीय स्पर्धा खेळते आणि पुढच्या स्पर्धेची वाट पाहते. हॅरिसला पडलेला प्रश्न आपल्या मुलींना आजही पडतो.

या प्रश्नाची सुरुवात छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरातूनच होते. विद्यापीठ परिसरात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आहे, गारखेड्यात विभागीय क्रीडा संकुल आहे, दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण आहेत, शासकीय नोकरीत पाच टक्के आरक्षणही आहे. पण शालेय स्पर्धा जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी आणि बहुतेक बाद पद्धतीने होतात. एक सामना हरला की वर्ष संपले. हरलेल्या मुलीलाच खरे तर पुढच्या सामन्याची गरज जास्त असते. तिची चूक कागदावर राहते, मैदानावर दुरुस्त होत नाही.

म्हणून मागणी साधी आहे: बादऐवजी साखळी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव असे चार जिल्हे येतात. एकमेकांच्या मैदानांवर जाऊन खेळायचे, दर आठवड्याला एक सामना, अशी आंतरमहाविद्यालयीन मुलींची साखळी इथे आखता येते. तिला मोठे स्टेडियम लागत नाही. प्रवासखर्च, दोन पंच आणि आधी जाहीर झालेले वेळापत्रक लागते. कायद्यापासून लीगपर्यंत पोचायला अमेरिकेला पंचवीस वर्षे लागली. आपल्यालाही वेळ लागेल, पण आज कॉलेजात खेळणाऱ्या मुलीला वीस सामन्यांचे वेळापत्रक याच वर्षी देता येईल.