प्रीकास्ट सुरक्षित आहे का? आधी सांधा दाखवा

दरवर्षी सिनॉप्सिसच्या दिवसांत दोघं-तिघं तरी हाच विषय घेऊन येतात: ‘भूकंपप्रवण क्षेत्रात प्रीकास्ट आणि जागेवर ओतलेल्या इमारतीचा तुलनात्मक अभ्यास’. दहा मजली इमारत, झोन तीन ते पाच, सॉफ्टवेअरमध्ये दोन मॉडेल आणि शेवटी ड्रिफ्टचे रंगीत आलेख. असे पेपर शोधायला तुम्हाला कष्ट पडणार नाहीत. पहिल्या वर्षी मीही तेच लिहून नेलं होतं. गाईडनी एवढंच विचारलं, "दोन मॉडेलमध्ये फरक काय ठेवलास?" मी म्हणाले, "एक प्रीकास्ट आहे, सर." ते म्हणाले, "ते नाव झालं. फरक सांग."

मग मी ते पेपर पुन्हा काढून वाचले. प्रीकास्टचं काँक्रीट काही वेगळं नसतं. कारखान्यात ओतलेले तुकडे साइटवर आणून जोडायचे असतात, म्हणजे खरा फरक सांध्यात आहे. आणि मी वाचलेल्या त्या पेपरांत बीम-कॉलमचा सांधा सरळ ‘रिजिड’ धरलेला होता. जे तपासायचं तेच गृहीत धरलं! मग ‘दोन्हींचं वर्तन जवळपास सारखं’ हा निष्कर्ष निघाला तर त्यात नवल काय?

प्रत्यक्ष भूकंपांनी काय दाखवलं ते बघा. 7 डिसेंबर 1988, आर्मेनियातला स्पिटाक भूकंप. लेनिनाकान शहरात नऊ मजली प्रीकास्ट फ्रेमच्या इमारती मोठ्या संख्येने कोसळल्या, आणि त्याच शहरात मोठ्या प्रीकास्ट पॅनेलच्या इमारती उभ्या राहिल्या. आता या शहराचा दाखला देऊन ‘प्रीकास्ट धोकादायक’ म्हणायचं की ‘प्रीकास्ट उत्तम’? दोन्ही वाक्यं निरर्थक आहेत. इटलीत 2012 च्या मे महिन्यात एमिलिया भागात कारखान्यांच्या शेड पडल्या, कारण कित्येक ठिकाणी बीम कॉलमवर नुसते टेकवलेले होते, घर्षणाच्या भरवशावर. याउलट 1999 मध्ये सॅन डिएगोच्या प्रयोगशाळेत पाच मजली प्रीकास्ट इमारतीचं 60 टक्के मापाचं मॉडेल तपासलं गेलं. त्यातल्या काही सांध्यांत ताणलेल्या केबल काँक्रीटला न चिकटवता सोडल्या होत्या. धक्क्यात सांधा उघडायचा आणि केबल त्याला पुन्हा जागेवर ओढायची. नुकसान फार थोडं झालं. हे तिन्ही प्रीकास्टच.

आपला आयएस 13920 हेच थोडक्यात सांगतो: अखंड ओतलेल्या बांधकामाइतकी डक्टिलिटी मिळणार असेल तरच प्रीकास्ट वापरा. ती मिळते हे सिद्ध कसं करायचं? इथे प्रयोगशाळेतले पेपर येतात, आणि माझी दुसरी तक्रार त्यांच्याबद्दल आहे. हे काम सॉफ्टवेअरवाल्या पेपरांपेक्षा खूप प्रामाणिक असतं, पण नमुना फार लाडात वाढवलेला असतो. सळई स्लीव्हच्या बरोबर मध्यभागी, ग्राउटचं पाणी मोजून घातलेलं, बाजूला पीएचडीवाला उभा.

आमच्या नमुन्याची गोष्ट सांगते. शेगावचा मे महिना, पत्र्याच्या शेडमध्ये काम. स्लीव्हच्या खालच्या छिद्रातून ग्राउट पंप केलं, वरच्या छिद्रातून बाहेर आलं, बूच लावलं, फोटो काढला. सगळं नियमाप्रमाणे. चाचणीत मात्र एका बाजूची सळई अपेक्षेपेक्षा खूप लवकर सरकली. नंतर कटरने स्लीव्ह उभी चिरली, तर वरची बोटभर जागा रिकामी! तळाचं सील नीट बसलेलं नव्हतं. बूच लावल्यावर ग्राउट हळूहळू खाली झिरपलं होतं आणि बाहेरून काहीच कळत नव्हतं. चूक माझीच, सील मीच तपासलं होतं. पहिल्यांदा वाटलं, नमुना बाद करावा. खरं तर त्या सगळ्या मालिकेत साइटच्या सर्वांत जवळचा नमुना तोच होता. स्लीव्हमध्ये मुद्दाम पोकळी ठेवून केलेल्या चाचण्या चीनमध्ये झाल्या आहेत, त्या जरूर वाचा. आपल्याकडचं ऊन, आपलं पाणी आणि आपला ठेकेदार धरून कोणी लिहिलेलं मला अजून वाचायला मिळालेलं नाही.

सांधा म्हणजे फक्त बीम-कॉलम, असंही समजू नका. 14 नोव्हेंबर 2016 च्या कैकौरा भूकंपात वेलिंग्टनच्या स्टॅटिस्टिक्स हाउसमध्ये फ्रेम उभी राहिली, पण डोलताना बीम लांबले आणि प्रीकास्ट स्लॅबची टेकण सुटून मजल्याचे भाग खाली आले. मध्यरात्र होती म्हणून आत कोणी नव्हतं. फ्रेमचा एकटा सांधा तपासणाऱ्या पेपरात हे दिसलं असतं का?

"शेगावात बसून भूकंपाचं काय घेऊन बसलीस?" हे घरी नेहमी ऐकते. 30 सप्टेंबर 1993 पर्यंत किल्लारीही नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या झोनमध्ये होतं. त्या भागाला झोन तीन मिळाला तो 2002 च्या सुधारित नकाशात. आणि प्रीकास्ट आता लांबची गोष्ट राहिलेली नाही. 2022 मध्ये सिडकोच्या बामणडोंगरीच्या प्रकल्पात 96 दिवसांत 96 घरं उभी राहिली. नवी मुंबई झोन तीनमध्ये येते. त्या कामात काही खोट आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही, वेग खरोखर थक्क करणारा आहे. पण अशी बातमी वाचताना आपण दिवस मोजतो. संशोधन करायचं असेल तर सांधे मोजा: किती, कोणत्या प्रकारचे, आणि भरल्यानंतर आतून तपासले कसे?

सिनॉप्सिसमध्ये ‘तुलनात्मक अभ्यास’ लिहिलं असेल तर खोडून टाका. एकच सांधा निवडा, तो कुठे बिघडू शकतो ते लिहा आणि तेवढंच तपासा. विषय छोटा वाटेल, व्हायवात कोणी नाक मुरडेल. मुरडू द्या.

माझे पुढचे तीन नमुने पाऊस सुरू झाल्यावर ओतायचे आहेत. एकात ग्राउट पूर्ण, एकात मुद्दाम अर्धवट, आणि तिसरा भरणार आहे साइटवरचा मिस्त्री, मी शेडच्या बाहेर असताना. या तिसऱ्यावर गाईडची सही अजून व्हायची आहे.