एलआरआरसी८ए आणि पेशी-आकारमान : पुराव्याची चिकित्सा
फुगलेली पेशी क्लोराइड आयन बाहेर सोडून, त्यामागोमाग पाणी घालवून मूळ आकारमान प्राप्त करते. १९९२ मध्ये पीआयसीएलएन हे प्रथिनच ही आयन-वाहिनी मानले गेले. पुढे ते मुख्यतः पेशीद्रवात आढळून आरएनए-संस्करणाशी निगडित ठरले. विद्युत्प्रवाहातील बदलालाच वाहिनीचा पुरावा मानणे, ही त्या निष्कर्षातील मूलभूत त्रुटी होय. २०१४ मध्ये दोन स्वतंत्र संशोधनगटांनी या प्रवाहासाठी एलआरआरसी८ए अनिवार्य असल्याचे दाखविले. तथापि ‘अनिवार्य’ म्हणजे ‘छिद्रघटक’ नव्हे. २०१६ मध्ये शुद्ध प्रथिनसंकुलांनी कृत्रिम मेदपटलात प्रवाह निर्माण केला, तर २०१८ मध्ये षट्घटकी रचना स्पष्ट झाली. त्यामुळे दावा भक्कम झाला. अध्यापनात प्रथिनाच्या नावाइतकाच पुराव्याचा हा क्रमही मांडला जाणे अगत्याचे आहे.