शंभरपैकी शंभर, पण खाली बसता येत नाही

खुब्याच्या सांधेरोपणावरचा निबंध वाचायला घेतला की ‘हॅरिस हिप स्कोअर’ बऱ्याचदा भेटतो. शस्त्रक्रियेआधी सरासरी इतकी, वर्षभराने इतकी, पुढे पी-व्हॅल्यू. आपण आकडा बघतो आणि पान उलटतो. आज त्या आकड्याच्या आत काय आहे ते बघू.

अमेरिकी सर्जन विल्यम हॅरिस यांनी हा स्कोअर १९६९ साली मांडला. एकूण १०० गुण: वेदनेचे ४४, चालणं-फिरणं आणि रोजच्या कामांचे ४७, सांधा किती वळतो याचे ५, व्यंग नसल्याचे ४. ९० पासून पुढे ‘उत्कृष्ट’. वेदनेला एवढं वजन दिलं ते योग्यच. लोक शस्त्रक्रियेला तयार होतात ते मुख्यतः दुखण्यामुळे. पण बेरीज करून बघा: ४४ अधिक ४७, म्हणजे ९१. सांधा वळण्याचे गुण शून्य मिळाले तरी कागदोपत्री निकाल उत्कृष्टच!

आता बसण्याचे गुण बघा. साध्या खुर्चीत तासभर आरामात बसता आलं की ५ पैकी ५. मांडी घालणं, उकिडवं बसणं, जमिनीवरून उठणं यांबद्दल एकही प्रश्न नाही. १९९६ च्या ऑक्सफर्ड हिप स्कोअरमध्ये १२ प्रश्नांची उत्तरं रुग्ण स्वतः देतो, ही मोठी सुधारणा. पण तिथेही जेवण झाल्यावर उठायचं ते खुर्चीतूनच.

आपल्याकडची एखादी आजी डोळ्यांसमोर आणा. दुखणं गेलं, काठी सुटली, जिना चढता येतो. पण सांधा निखळू नये म्हणून खाली बसू नका, कमोडच वापरा, असं डॉक्टरांनी बजावलंय. लेकीच्या घरी कमोड नाही, म्हणून तिकडे जाणं बंद. निबंधात मात्र तिला १०० पैकी १०० मिळू शकतात.

कोणी म्हणेल, ज्याला मनाईच आहे ते मोजायचं कशाला? मला हे पटत नाही. मनाई हासुद्धा शस्त्रक्रियेचा परिणामच आहे. तो नोंदवलाच नाही तर पुढच्या रुग्णाला आधी काय सांगणार? आणि ही बंधनं कमी करता येतील का, हे तपासणार कसं?

मग आपणच त्यात दोन प्रश्न घुसडायचे का? तेही नको. गुणांची वाटणी बदलली की तो हॅरिस स्कोअर राहत नाही, आणि इतर निबंधांशी तुलनाही करता येत नाही. मूळ स्कोअर तसाच द्या. शेजारी वेगळा तक्ता द्या: शस्त्रक्रियेआधी किती जण खाली बसत होते, आता किती बसतात, आणि जे बसत नाहीत ते दुखतं म्हणून, भीतीपोटी की डॉक्टरांनी सांगितलं म्हणून.

तुमचा विषय हाडांचा नसेलही. तरी कुठलीही प्रश्नावली वापरण्याआधी ती मुळातून वाचा, आणि ओळखीच्या एखाद्या माणसाला समोर ठेवून भरून बघा. त्याच्या आयुष्यातलं काय काय तिच्यात मावत नाही, ते वहीत लिहून ठेवा.