ली मॅकिन्टायर: पटवायचं कोणाला?

ली मॅकिन्टायर हे बॉस्टनचे तत्त्वज्ञ. २०१८ साली डेन्व्हरला पृथ्वी सपाट मानणाऱ्यांची परिषद भरली, तिथे हे गृहस्थ दोन दिवस जाऊन बसले. लोकांना विचारायचे, कोणता पुरावा मिळाला तर तुम्ही मत बदलाल? प्रश्न फार नेमका आहे. पुराव्याची कदर आणि पुराव्यापुढे मत सोडायची तयारी, हीच विज्ञानाची ओळख, असं त्यांनी २०१९च्या ‘द सायंटिफिक अ‍ॅटिट्यूड’मध्ये मांडलं. परिषदेत मात्र कोणाचंही मत पालटलं नाही.

२०२१च्या पुस्तकात ते सांगतात: धीर धरा, आदरानं बोला, विश्वास कमवा. ठीक. पण परक्यावर दोन दिवसांत विश्वास बसतो होय? हे काम घरातल्यांचं, गावच्या डॉक्टरचं.

आणि सगळेच काही भाबडे नसतात. डिसेंबर १९५३मध्ये न्यू यॉर्कच्या प्लाझा हॉटेलात सिगारेट कंपन्यांचे प्रमुख जमले. कॅन्सरच्या पुराव्याबद्दल लोकांच्या मनात शंका पेरायची, हे धोरण तिथून सुरू झालं. ही हकीकत मॅकिन्टायर स्वतःच सांगतात. या मंडळींना तो प्रश्न विचारून काय उपयोग? पुरावा त्यांच्यापर्यंत पोचलेलाच होता!

२०२३च्या छोटेखानी ‘ऑन डिसइन्फर्मेशन’मध्ये मग ते थेट खोटं घडवणाऱ्यांवर येतात. भाषा युद्धाची. मला हे पुस्तक घाईचं वाटतं, तरी निशाणा बरोबर आहे. अडचण एकच: लढाई म्हटली, की आलेला मेसेज भाबडेपणानं पुढे ढकलणारा माणूस कोणत्या बाजूचा? मॅकिन्टायर त्याला फसवला गेलेला मानतात, पण युद्धाच्या गदारोळात त्याच्याशी धीरानं बोलणार कोण?