फेयॉलच्या दोन संज्ञा

हेन्री फेयॉलच्या १९१६ च्या फ्रेंच ग्रंथातील व्यवस्थापनाची पाच अंगे मराठी पाठ्यपुस्तकांत इंग्रजीच्या द्वारे आली, आणि वाटेत दोन संज्ञांचा अर्थ पालटला. 'प्रेव्वार' या क्रियापदात भविष्याचा अदमास व त्यासाठी तरतूद ही दोन्ही येतात; 'नियोजन' म्हणताना अदमास मागे पडतो. ही हानी सोसण्याजोगी आहे. 'कोंत्रोले'ची तशी नाही. त्याचा अर्थ पडताळणे, काम योजनेबरहुकूम झाले की नाही हे पाहणे. आम्ही 'नियंत्रण' म्हणून हुकमत सूचित करतो; वस्तुतः आज्ञा देणे हे फेयॉलने निराळे अंग मानले आहे. तपासनिसाने विभागाच्या कारभारात ढवळाढवळ करू नये, असेही त्याने बजावले आहे. 'नियंत्रण' शिकलेल्या प्रशिक्षणार्थ्यास मात्र ती ढवळाढवळच आपले कर्तव्य वाटेल. मुनीम-मुकादमांनाही ठाऊक असलेला 'पडताळणी' हा शब्द पाठ्यपुस्तकांस का चालू नये?