उगवण्याआधीचे रुजणे

रूथ क्राउस यांचे ‘द कॅरट सीड’ हे चित्रपुस्तक १९४५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. चित्रे त्यांचे पती क्रॉकेट जॉन्सन यांची. गोष्ट शंभरेक शब्दांत संपते. एक लहान मुलगा गाजराचे बी पेरतो. आई, वडील आणि मोठा भाऊ तिघेही सांगतात, ते उगवायचे नाही. मुलगा रोज तण उपटतो, पाणी शिंपडतो. शेवटी गाजर येतेच.

बीपासून रोप कसे होते हे शिकवताना हे पुस्तक हाताशी घेतले जाते. पण धडा म्हणून त्यात फारसे काही नाही. बी पाणी शोषते, टरफल फुटते, आधी मूळ खाली जाते, मग कोंब वर येतो, यातले काहीच जॉन्सन दाखवत नाहीत. मुलगा आणि त्याच्यासोबत वाचणारे मूल, दोघेही नुसत्या मातीकडे बघत राहतात.

मराठीत आणताना खरा प्रश्न इथे पडतो. आपल्याकडे दोन क्रियापदे आहेत. उगवणे दिसते; रुजणे दिसत नाही. घरच्यांच्या तोंडी ‘रुजणार नाही’ घातले, तर त्यांना मातीखालचे काही कळते असे होईल. त्यांना वरचे तेवढे दिसते, म्हणून त्यांना ‘उगवणार नाही’ हेच शोभते. ‘रुजणे’ हा शब्द मजकुरात कुठेही येऊ नये. गोष्टभर मुलगा एक शब्द बोलत नाही. रुजणे त्या गप्पपणातच आहे.

ओल्या फडक्यातल्या मटकीला एका रात्रीत मोड येतात, आणि मोड म्हणजे आधी बाहेर पडणारे मूळच, हेही मुलांना दाखवता येते. गाजराचे बी मात्र उगवायला दोन-तीन आठवडेही घेते. मटकी पाहायला शिकवते, गाजर थांबायला.

तरीही शेवट मला खटकतो. मुलापेक्षा मोठे गाजर हातगाडीवर निघते आणि त्याला हे ठाऊकच होते, असे पुस्तक म्हणते. वर्गात एखाद्याच्या पेल्यात काहीच उगवत नाही. त्यानेही रोज पाणी घातलेले असते. गोष्ट ऐकून त्याला आपलेच काही कमी पडले असे वाटेल. अनुवादकाने म्हणून शेवट बदलू नये. पण वाचून दाखवणाऱ्याने पुस्तक मिटल्यावर एवढे जरूर सांगावे, की काही बिया नीट जपूनही उगवत नाहीत. आणि त्याच्या हाती दुसरे बी द्यावे.